डिस्क मंदावली? नवी घेण्यापूर्वी या चुका टाळा

संगणक रखडू लागला की मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार असलेला लॅमिंग्टन रोड गाठून नवी डिस्क घ्यायची, हा आपल्याकडचा शिरस्ता आहे; पण अनेकदा डिस्क धडधाकट असते आणि बिघाड असतो तो तिच्यापासून मेमरीपर्यंतच्या वाटेत.

मूळ चूक म्हणजे इंटरफेस आणि डीएमए (डायरेक्ट मेमरी ॲक्सेस, म्हणजे माहिती थेट मेमरीत नेण्याची पद्धत) यांना एकच समजणे. आयडीई, साटा किंवा एनव्हीएमई या इंटरफेसवरून डिस्कशी कोणत्या जोडणीतून आणि कोणत्या पद्धतीने बोलायचे, ते ठरते. डीएमएमध्ये प्रोसेसर माहिती कुठे आणि किती ठेवायची एवढेच सांगतो, कंट्रोलर ती थेट रॅममध्ये उतरवतो आणि काम झाल्यावर इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला इशारा, देतो. पीआयओ या जुन्या पद्धतीमध्ये मात्र ही सारी हमाली प्रोसेसरलाच करावी लागते.

गिरगावातल्या एका छापखान्यात विंडोज एक्सपीवर चालणारा जुना संगणक होता. फाइल उघडताना माऊससुद्धा अडखळत असे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पाहिले तर आयडीई चॅनेल पीआयओवर उतरलेला. एक्सपीमध्ये टाइमआउटच्या (वेळेत उत्तर न येण्याच्या) किंवा सीआरसीच्या (वाटेत माहिती बिघडल्याच्या) एकूण सहा चुका झाल्या की ड्रायव्हर डीएमएचा वेग पायरीपायरीने कमी करतो आणि चुका होतच राहिल्या तर शेवटी पीआयओवर येतो. तिथे कमाल वेग सेकंदाला 16.7 मेगाबाइट, त्या डिस्कची वेगाची क्षमता मात्र 100 मेगाबाइटची होती. मी आधी चॅनेल अनइन्स्टॉल करून संगणक पुन्हा सुरू केला आणि डीएमए परत आले, पण आठवड्याभरात तीच रड. खरा दोष केबलचा होता: कोणीतरी 40 तारांची पट्टी लावली होती. 33 मेगाबाइटच्या पुढच्या वेगासाठी 80 तारांची लागते, कारण त्यातल्या जादा 40 तारा केवळ ग्राउंडच्या असतात आणि शेजारच्या तारांमधला गोंगाट दाबतात. लक्षणावर इलाज करण्याची चूक मी स्वतः केली, म्हणून हे विस्ताराने सांगितले.

साटामध्येही आधी केबलच तपासावी, विशेषतः पावसाळ्यात, कारण इथल्या दमट हवेत संपर्कबिंदू गंजतात. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या नोंदी ठेवते, त्या स्मार्टमधील 199 क्रमांकाची नोंद सीआरसी चुकांची असते. केबल बदलली तरी हा आकडा खाली येत नाही, त्यामुळे तो पाहून डिस्क बाद ठरवू नये. आकडा टिपून ठेवावा आणि पुढे वाढतो का, ते पाहावे.

बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) आयडीई मोडऐवजी थेट एएचसीआय हा साटाचा नवा मोड निवडणे ही आणखी एक घाई. योग्य ड्रायव्हर चालू नसेल तर विंडोज निळा पडदा दाखवते. विंडोज 10मध्ये आधी सेफ मोड (मोजक्या ड्रायव्हरवर सुरू होण्याचा मोड) ठरवून घ्यावा, मग बायोसमधला बदल करावा, एकदा सेफ मोडमध्ये सुरू करावे आणि त्यानंतर नेहमीच्या मोडवर परतावे.

एनव्हीएमईसाठी 'डीएमए सुरू करा' असा पर्याय शोधत बसू नये. ही डिस्क पीसीआय एक्स्प्रेस या मदरबोर्डवरच्या वेगवान जोडणीवरून रॅममधल्या रांगेतले आदेश स्वतःच उचलते. तिथे चूक होते ती खरेदीत: एम.2 या छोट्या पट्टीसारख्या डिस्कचा आकार सारखा असला तरी साटाची डिस्क केवळ एनव्हीएमईच्या स्लॉटमध्ये दिसतच नाही, म्हणून दुकानात जाण्यापूर्वी मदरबोर्डचे माहितीपत्रक उघडावे.