साताऱ्याची सरासरी प्रबंधात घालण्याआधी

सातारा जिल्ह्याचं सरासरी पर्जन्यमान म्हणून एकच आकडा लिहिला, की महाबळेश्वरचे ५,००० मिलिमीटरच्या वर आणि माणचे ५०० च्या आसपास, दोन्ही त्यात गडप होतात. सांगलीत शिराळा आणि जत यांची तीच गत. त्यामुळे शिवाजी विद्यापीठात विषय नोंदवणाऱ्याने आकडे शोधण्याआधी एवढं ठरवावं: प्रश्न जिल्ह्याचा आहे, तालुक्याचा, महसूल मंडळाचा की गावाचा?

सुरुवात 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' या प्रकाशनापासून करावी. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या संकेतस्थळावर ते मिळतं आणि त्यात तालुकावार तक्ते असतात. मात्र हे आकडे कृषी, सहकार, शिक्षण अशा खात्यांकडून गोळा केलेले असतात. आकडा मूळ कुठल्या खात्याचा ते पाहून तिथपर्यंत जावं. दुसऱ्याच्या प्रबंधातून तक्ता उचलणं तर नकोच, चूक असली तर तीही सोबत येते.

जनगणनेचे ताजे आकडे अजून २०११ चेच आहेत: सातारा ३०,०३,७४१, सांगली २८,२२,१४३. पुढच्या जनगणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ आहे. तोवर 'सध्याची लोकसंख्या' असं लिहू नये, वर्ष लिहावं. गावपातळीच्या फाइली जोडताना नावावर भिस्त ठेवू नका. इंग्रजी फाइलींत जत कधी शेवटी 'एच' लावून येतं, कधी त्याशिवाय. कराडचं स्पेलिंगही असंच बदलतं. कोडने जोडा: २०११ च्या जनगणनेत सातारा ५२७, सांगली ५३१. दुसऱ्या खात्यांचे कोड वेगळे असतात, म्हणून आधी जुळणीचा तक्ता करावा. एक्सेलमध्ये फाइल उघडताना कोडचा रकाना 'टेक्स्ट' ठेवा, नाहीतर सुरुवातीची शून्यं उडतात. कडेगाव तालुका खानापूरमधून निघाला आहे. त्याआधीच्या वर्षांशी तुलना करायची तर दोन्हींची बेरीज घ्यावी आणि सीमेवरची गावं गावयादीवरून तपासावीत.

पावसासाठी कृषी खात्याच्या 'महारेन' या संकेतस्थळावर मंडळनिहाय नोंदी मिळतात. लांब मालिका हवी असेल तर पुण्याच्या हवामान विभागाची चौकटनिहाय माहिती १९०१ पासून आहे, पण चौकट अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाची, म्हणजे बाजू सुमारे २५ ते २८ किलोमीटर. महाबळेश्वर आणि वाई यांच्यातलं सरळ अंतर त्याहून कमी असल्याने घाटमाथ्यावरून पूर्वेला पाऊस झपाट्याने कसा उतरतो, हे तिच्यात पुसट होतं. कोरेगाव-खटाव पट्ट्याच्या दुष्काळावरचा निष्कर्ष नुसत्या त्या फाइलीवर उभा करू नये.

पुरावर काम करणाऱ्यांची गफलत वेगळी. सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी फुटांत सांगतात: इशारा ४०, धोका ४५. केंद्रीय जल आयोगाचे आकडे समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये असतात. इथे फुटांना ०.३०४८ ने गुणून मीटर केले तरी आकडे जुळत नाहीत, कारण मोजपट्टीचं शून्यच निराळं आहे.

बाजारभावासाठी 'ॲगमार्कनेट' हे केंद्र सरकारचं संकेतस्थळ आहे. तिथे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर क्विंटलमागे मिळतो. सांगलीच्या हळदीचा महिन्याचा दर काढताना रोजच्या दरांची नुसती सरासरी घेतली, तर दहा पोत्यांचा दिवस आणि हजार पोत्यांचा दिवस सारखेच ठरतात. म्हणून ज्या दिवशी आवक जास्त, त्या दिवसाच्या दराला सरासरीत तेवढा जास्त भार द्यावा. सौदे बंद असलेला दिवस रिकामा ठेवावा, शून्य भरू नये. राजापुरी आणि परपेठ हे हळदीचे प्रकार वेगळे काढावेत. सांगलीत बाहेरची हळदही येते, तेव्हा बाजारातली आवक म्हणजे जिल्ह्याचं उत्पादन नव्हे. आणि हमाली-तोलाई वजा न करता त्या दराला शेतकऱ्याचं उत्पन्न म्हणणं हा तर सरळ खोटेपणा.

नमुना पाहणीत आधी नमुना किती ते पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतल्या (२०१९-२१) जिल्हा पत्रकात कंसातला आकडा २५ ते ४९ नोंदींवरचा असतो, तर २५ पेक्षा कमी असतील तिथे फक्त तारा (*) दिसतो. कंस काढून आकडा छापणं ही सर्रास चालणारी लबाडी आहे. त्याहून वाईट म्हणजे जिल्ह्याचा आकडा तालुक्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून 'तालुकानिहाय अंदाज' तयार करणं. तालुक्याचा आकडा नसेल तर मर्यादांच्या भागात तसं लिहावं, परीक्षक त्यासाठी गुण कापत नाहीत.

उतरवलेली मूळ फाइल हात न लावता वेगळी ठेवा. तिच्याशेजारी तारीख, पत्ता आणि वापराच्या अटी लिहिलेली एक साधी फाइल असू द्या, कारण आकडे मागाहून सुधारले जातात. केलेला प्रत्येक बदल वेगळ्या पानावर नोंदवावा.

स्वतः केलेल्या पाहणीत नाव आणि मोबाइल नंबर उत्तरांच्या फाइलीत ठेवूच नयेत. पण तेवढंही पुरत नाही. वस्ती, जात, वय आणि 'ऊसतोड करणारी विधवा' हे चार रकाने एकत्र आले, की साठ उंबऱ्यांच्या वाडीत ती बाई कोण हे कुणीही सांगेल. गावाऐवजी तालुका लिहावा, वय दहा वर्षांच्या गटात टाकावं, आणि पाचपेक्षा कमी माणसं असलेला चौकोन तक्त्यात दाखवू नये.