न्हाणीघरात काय ठेवायचं: कोकणातल्या होमस्टेची तयारी

दापोली, गुहागर, मालवणच्या बाजूला घरातल्या दोन-तीन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या ठरल्या, की साबण-शांपूच्या खरेदीला बाहेर पडण्याआधी विहिरीचं पाणी तपासा. अर्धी यादी त्यावरच ठरते. दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत विहिरीचं पाणी आणि दुसरीत साठवलेलं पावसाचं किंवा विकतचं पिण्याचं पाणी, प्रत्येकी २०० मिली. दोन्हींत आंघोळीच्या साबणाचा नखाएवढा कीस टाका, झाकण लावून अर्धा मिनिट हलवा आणि शेजारी शेजारी ठेवा. विहिरीच्या बाटलीत फेस धरला नाही, पाणी दुधाळ आणि फुटल्यासारखं दिसलं, तर पाणी जड आहे. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि न विरघळणारा साका तयार होतो. फरशीवरचा पांढरट थर, केसांचा चिकटपणा, टॉवेलांचा ताठरपणा हा सगळा त्याचाच परिणाम. ही तपासणी दिवाळीनंतर एकदा आणि एप्रिलच्या अखेरीस पुन्हा करावी. उन्हाळ्यात उपसा वाढला की किनाऱ्याजवळच्या विहिरींत समुद्राचं पाणी आत सरकतं, आणि हिवाळ्यात गोडं असलेलं पाणी नेमकं मे महिन्याच्या गर्दीत मचूळ होतं.

पाणी हलकं असेल तर वडीचा साबण उत्तम. वेष्टनावर टीएफएमचा, म्हणजे साबणातल्या एकूण स्निग्धांशाचा आकडा पाहा. ७६ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर तो ग्रेड १चा साबण. तो लवकर विरघळत नाही आणि त्वचाही कमी ओढली जाते. माणशी २० ते २५ ग्रॅमची छोटी, वेष्टनातली वडी दोन रात्रींना पुरते. १०० ग्रॅमची वडी ठेवली तर तीन चतुर्थांश मागे उरते आणि ती पुढच्या पाहुण्याला देता येत नाही. उरलेल्या चिपट्या डब्यात जमवा, किसून पायपुसणी आणि फडकी धुवायला वापरा. साबणदाणी भोकांची किंवा जाळीचीच हवी. सपाट ताटलीत पाणी साचतं आणि सकाळपर्यंत वडीचा लगदा होतो.

पाणी जड असेल तर वडीच्या मागे लागू नका, द्रवरूप बॉडीवॉश द्या. त्यातला फेस साबणाचा नसल्यामुळे साका होत नाही. पाणी नुसतं खारट असेल तर खोबरेल तेलापासून केलेल्या साबणाला इतर साबणांपेक्षा बरा फेस येतो. जहाजांवर पूर्वी समुद्राच्या पाण्यात आंघोळीला असाच साबण वापरत. गावात कोणी तो करत असेल तर जरूर घ्या.

बॉडीवॉश आणि शांपूसाठी भिंतीवर बसवायच्या ३०० मिलीच्या पंपाच्या बाटल्या पुड्यांपेक्षा बऱ्या. ओल्या, तेलकट हातांनी पुडी फाटत नाही, दातांनी फाडावी लागते, आणि तिचा कोपरा मोरीच्या जाळीत जाऊन बसतो. बाटली अर्धपारदर्शक घ्या, म्हणजे पातळी बाहेरून दिसते. किती लागेल हे अंदाजावर सोडू नका. पंप दहा वेळा दाबून मापात घ्या, एका दाबाला किती मिली येतं ते कळतं. एका आंघोळीला १० मिली धरलं तर चार माणसांच्या दोन दिवसांना ८० मिली जातं, म्हणजे एक बाटली अशा तीन कुटुंबांना पुरते आणि थोडं उरतं.

या बाटल्यांत सर्रास होणारी चूक म्हणजे तळाशी थोडं राहिलं की वरून नवं ओतणं, आणि पुरवठ्याला यावं म्हणून पाणी घालणं. पाण्यामुळे टिकवण्याचं द्रव्य पातळ होतं आणि कोकणच्या दमट हवेत जंतू वाढतात. बाटली पूर्ण रिकामी करा, गरम पाण्याने धुवा, पंपातूनही गरम पाणी खेळवा, उलटी ठेवून पूर्ण वाळू द्या, मगच भरा. त्यासाठी प्रत्येक न्हाणीघरामागे एक जादा बाटली ठेवावी लागते.

कंडिशनर शहरातल्या खोलीत नसला तरी चालतो, पण इथे ठेवाच. समुद्रात डुंबून आलेल्या लांब केसांचा गुंता नुसत्या शांपूने सुटत नाही. सोबत खोबरेल तेलाची छोटी बाटली ठेवा. जानेवारीच्या पहाटे ते गोठतं, म्हणून तोंड रुंद असावं. सुगंध मात्र सगळ्याच वस्तूंचा सौम्य निवडा. उग्र वासाने कोणाला शिंका येतात, कोणाचं डोकं धरतं, आणि बंद खोलीत तो वास दोन दिवस राहतो.

टॉवेलांवर मात्र हात आखडू नका. ७० बाय १४० सेंटिमीटरचा, ४५० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाचा) टॉवेल सुमारे ४४० ग्रॅम भरतो. अंग नीट टिपतो आणि उन्हात अर्ध्या दिवसात वाळतो. हॉटेलांतला ६०० जीएसएमचा जाड टॉवेल हातात छान लागतो, पण जुलैत तो तीन दिवस ओलाच राहतो आणि कुबट वास धरतो. सोलापूरचे टेरी टॉवेल या कामाला चोख आहेत. माणशी तीन नग धरा: एक वापरात, एक धुण्यात, एक कपाटात. पावसाळ्यात चौथा लागतो. समुद्रावर नेण्यासाठी वेगळा सुती पंचा द्या आणि तो कुठे वाळत घालायचा ते दाखवा, नाहीतर आंघोळीचा टॉवेलच वाळूत जातो.

रंग पांढरा घ्या. मुरुमांच्या काही मलमांतलं बेंझॉइल पेरॉक्साइड रंगीत टॉवेलावर फिकट ठिपके पाडतं, पांढऱ्यावर ते दिसत नाहीत. पण काजळ, लिपस्टिक पुसायला एक गडद रंगाचा छोटा नॅपकिन सोबत ठेवा, आणि पायपुसणं विटकरी किंवा तपकिरीच असू द्या. जांभ्याच्या लाल मातीत लोहाचं प्रमाण जास्त असतं. क्लोरीनच्या ब्लीचने तो डाग निघत नाही, उलट पक्का बसतो. लिंबाचा रस आणि मीठ लावून तासभर ठेवा, मग धुवा. तेलाच्या डागाला आधी भांड्यांचं लिक्विड चोळा. फॅब्रिक सॉफ्टनर टाळा, त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि टॉवेल पाणी शोषेनासा होतो.

विसरलेल्या वस्तूंची एक बंद पेटी कपाटात असू द्या, मागितल्यावर काढायची. तिच्यात वेष्टनातले टूथब्रश, २० ग्रॅमची पेस्ट, कंगवा, एकदाच वापरायचं रेझर, सॅनिटरी पॅड चार-पाच, चिकटपट्ट्या आणि डासांसाठी मलम. गोळ्या-औषधं ठेवू नका, कोणाला काय चालत नाही ते आपल्याला माहीत नसतं. लहान बाळांचा साबण-पावडरही नको, आई-वडील आपलंच आणतात. कान साफ करायच्या काड्या दिल्याच तर कागदी दांडीच्या घ्या. प्लास्टिक दांडीच्या काड्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे.

कमोडजवळ झाकणाची, पायाने उघडणारी कचरापेटी आणि पॅड गुंडाळायला वर्तमानपत्राचे कापलेले कागद ठेवाच. पॅड आणि ओले वाइप्स कमोडमध्ये गेले की सेप्टिक टँकपर्यंतचा पाइप तुंबतो, आणि हे भर सुट्टीतच होतं. तशी पाटी मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लावा. टॉयलेट पेपरचा एक रोल लावलेला, एक झाकून ठेवलेला. जेट स्प्रे असला तरी रोल लागतो. फिनेल आणि ॲसिड पाहुण्यांच्या हाताशी ठेवू नका, आणि स्वतःही बेतानं वापरा. टाकीतला मैला कुजवणारे जिवाणू त्याने मरतात.

बादली २० लिटरची, मग एक लिटरचा, आणि वयस्क पाहुण्यांसाठी न घसरणारं प्लास्टिकचं स्टूल, हे शॉवर असला तरी ठेवा. पाय धुवायला नळ आणि ब्रश अंगणातच हवा. वाळू आत आली की मोरी तुंबलीच.

साठा पत्र्याच्या किंवा स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. उंदीर साबण कुरतडतात, आणि पुठ्ठ्याचं खोकं पावसाळ्यात मऊ पडतं. मे महिना, गणपती, दिवाळी आणि नाताळ यांच्या पंधरा दिवस आधी मोजणी करा. पाहुणे गेल्यावर प्रत्येक वेळी तीन आकडे वहीत टाका: वड्या किती फुटल्या, बाटल्यांची पातळी किती उतरली, टॉवेल किती परत आले. दोन महिन्यांच्या नोंदींवरून पुढची खरेदी काढा. आणि बुकिंगच्या निरोपातच लिहा की साबण, शांपू, कंडिशनर, टॉवेल मिळतील, हेअर ड्रायर आणि आंघोळीची घासणी मिळणार नाही. म्हणजे ज्याला हवं तो बॅगेत घालून आणतो.