सोन्याच्या साठ्यांवर पीएच.डी. करताना या चुका टाळा

नाशिकचा विद्यार्थी सोन्याच्या साठ्यांवर संशोधन करायला निघतो, तेव्हा त्याची नजर बेसाल्टवर तयार झालेली असते. पांडवलेणीच्या डोंगरातले लाव्हाचे आडवे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत; कर्नाटकातील ज्या हट्टी-मस्की पट्ट्यात त्याला काम करायचे असते, तेथील खडक अडीच अब्ज वर्षांहून जुने, उभे आणि पिळवटलेले आहेत. ही तफावत एका हंगामात अंगवळणी पडते. नमुना घेण्यातली घाई मात्र प्रबंध सादर होईपर्यंत सुटत नाही.

सर्वांत जुनी चूक म्हणजे डोळ्यांत भरलेला, सोने चमकत असलेला मूठभर क्वार्ट्झ खाणीतून उचलून आणणे आणि त्यातील ३० ग्रॅम भुकटीच्या फायर अ‍ॅसेवर (भट्टीत वितळवून सोने मोजण्याच्या चाचणीवर) संपूर्ण शिरेची, म्हणजे खडकाच्या भेगेत भरलेल्या क्वार्ट्झच्या पट्ट्याची, प्रत ठरवणे. थोडे गणित करून पाहावे. शुद्ध सोन्याचा अर्धा मिलिमीटर व्यासाचा गोल कण सुमारे सव्वा मिलिग्रॅम भरतो. तो एक कण त्या ३० ग्रॅममध्ये आला, तर अहवालात टनाला ४२ ग्रॅम सोने दिसते. नाही आला, तर जवळजवळ शून्य. एकाच पिशवीतल्या भुकटीचे असे दोन आकडे आले की विद्यार्थी प्रयोगशाळेला बोल लावतो. माझी सवय अशी की शिरेला आडवी, दोन्ही बाजूंचा खडक धरून सलग चर खोदायची, चार-पाच किलोंपेक्षा कमी नमुना घ्यायचा नाही, तो सगळा दळायचा आणि वाटणी भुकटीचे सारखे भाग पाडणाऱ्या रिफल स्प्लिटरनेच करायची. चमच्याने वरवरची भुकटी घेणाऱ्याला मी पुन्हा पहिल्यापासून कामाला लावतो, कारण सोन्याची घनता १९.३ आणि क्वार्ट्झची २.६५ असल्यामुळे डबा हलता हलता सोने तळाशी जाऊन बसते. सोने भरड असेल, तर चाळणीवर राहिलेला भाग वेगळा तपासून घ्यावा. खर्च वाढतो, हे मान्य आहे, वाढू द्यावा.

दुसरी चूक माझ्याच देखरेखीखाली घडली. एका विद्यार्थ्याने शिरेपासून वीस-पंचवीस मीटर दूरच्या, अगदी ताज्या दिसणाऱ्या अ‍ॅम्फिबोलाइट या काळसर खडकाचे नमुने कुटले आणि प्रत्येकात टनाला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास सोने निघाले. आम्ही दोघेही हरखलो, आणि सोने शिरेबाहेर दूरवर पसरले आहे असे प्रकरण लिहूनही झाले. मला संशय आला तो आर्सेनिकमुळे. तेथे सोन्याबरोबर आर्सेनोपायराइट या आर्सेनिकयुक्त खनिजाची संगत असते, आणि या नमुन्यांत आर्सेनिक मुळीच वाढलेले नव्हते. पुढच्या खेपेस मी नाशिकच्या खडी-क्रशरवरचा काळा बेसाल्ट, त्यात सोने नगण्य असल्याची आधी खात्री करून, नमुन्यांच्या रांगेत गुपचूप घातला. त्यातही सोने निघाले. तो विद्यार्थी चाळणीवरची भुकटी बोटांनी सारखी करत असे, आणि त्या बोटात साखरपुड्याची बावीस कॅरटची अंगठी होती. दोनशे ग्रॅम भुकटीत एक दशांश मिलिग्रॅम सोने मिसळले, तर टनाला अर्धा ग्रॅम भरते, आणि तेवढे सोने खडकाच्या भुकटीवर घासून सहज झिजते. सराफ बाजारातली धूळ त्यातून सोने वेचणारे झारेकरी उगाच झाडून नेत नाहीत. ते प्रकरण रद्द करावे लागले आणि सात महिने वाया गेले. तेव्हापासून कुटण्याच्या खोलीच्या दारात मी स्टीलची एक वाटी ठेवली आहे. अंगठी, बांगडी, साखळी तीत काढून ठेवल्याशिवाय आत प्रवेश नाही. दर दहा नमुन्यांमागे एक बेसाल्ट जातो, आणि श्रीमंत नमुने सर्वांत शेवटी दळले जातात.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी नमुन्यावर सोन्याचा मुलामा चढवून मग त्यात सोने शोधणारे महाभागही मी पाहिले आहेत. मुलामा कार्बनचा सांगावा आणि तसे अर्जावर स्वतःच्या हाताने लिहावे.

क्वार्ट्झमधील द्रव-समावेशांवर (स्फटिकात अडकलेल्या द्रवाच्या सूक्ष्म थेंबांवर) काम करणाऱ्यांना लवकरात लवकर तापमानाचा आकडा हवा असतो, म्हणून ते आधी तापवतात. तापवताना फुटलेला समावेश परत मिळत नाही. आधी गोठवावे, शुद्ध कार्बन डायऑक्साइड −५६.६ अंश सेल्सिअसला वितळतो त्याच्याशी आपला आकडा ताडून पाहावा, आणि तापवणे शेवटी ठेवावे. शिवाय समावेश एकजीव होण्याचे, म्हणजे त्यातला बुडबुडा आणि द्रव एक होण्याचे, तापमान म्हणजे शीर तयार होतानाचे तापमान नव्हे. ती केवळ खालची मर्यादा आहे, आणि दाबाची दुरुस्ती न करता तो आकडा निष्कर्षात घालणाऱ्याला तोंडी परीक्षेत मी हमखास तेथेच पकडतो.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगता येतील. मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असलेल्या लोहखडकाजवळ होकायंत्रावर विश्वास ठेवू नये. पायराइटला सोने समजण्यापूर्वी सुई टोचून पाहावी. सोने दबते, पायराइट फुटतो. यंत्राच्या मर्यादेखाली आलेल्या मूल्याच्या जागी शून्य लिहू नये. जुन्या टोपोशीटवर जीपीएसचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे मांडू नयेत, कारण त्या एव्हरेस्ट डेटमवर (अक्षांश-रेखांश मोजण्याच्या जुन्या आधारावर) आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या वेगळ्या डेटमवर चालते. आणि शिरांचा नकाशा स्वतः चालून काढण्याआधी, मूलद्रव्ये मोजणाऱ्या यंत्राबद्दल "सर, आयसीपी-एमएसचा डेटा कधी येणार?" असे मला विचारू नये.