बग ट्रायेज कसं करावं: कोड न लिहिता ओपन सोर्सला मदत

बग ट्रायेज म्हणजे रिपोर्टवर लेबलं चिकटवणं, असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. सॉफ्टवेअरमधल्या चुकीबद्दल (म्हणजे बगबद्दल) कुणीतरी वैतागून लिहिलेली तक्रार डेव्हलपरला स्वतःच्या मशीनवर पाच मिनिटांत घडवून बघता यावी इतकी नेमकी करून देणं, एवढंच हे काम आहे. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी चालतं. थोडा संशयी स्वभाव मात्र लागतो.

इथली उदाहरणं लिबरऑफिस या फुकट, ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) ऑफिस सॉफ्टवेअरची आहेत, कारण देवनागरीतल्या तक्रारी तपासायला देवनागरी वाचणारा माणूसच लागतो. त्यांचे रिपोर्ट बगझिला या बग नोंदवण्याच्या साइटवर असतात. फायरफॉक्स आणि केडीई (लिनक्सचा एक डेस्कटॉप) हेही बगझिलाच वापरतात, बरेच प्रकल्प गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर आहेत. स्टेटसची नावं बदलतात, काम तेच.

खातं उघडा, सध्याची स्थिर आवृत्ती इन्स्टॉल करा आणि ‘अनकन्फर्म्ड’ची, म्हणजे अजून कुणी खात्री न केलेल्या रिपोर्टची, यादी लावा. रोज जे वापरता तेच निवडा: रायटर (मजकूर) किंवा कॅल्क (स्प्रेडशीट). बेसला (डेटाबेसचा भाग) हात न लावलेल्याने बेसचे बग तपासू नयेत.

मग डुप्लिकेट शोधा, म्हणजे हाच बग आधी कुणी नोंदवलाय का बघा. हे मोबाइलवरही होतं, विरार लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर तिथेही. रिपोर्टचं शीर्षक जसंच्या तसं शोधू नका, लोक शीर्षकं वाट्टेल तशी देतात. एरर मेसेजमधले शब्द, फाइलचा प्रकार आणि मेनूतलं इंग्रजी नाव टाकून शोधा. लक्षण सारखं म्हणजे कारणही सारखं असं नसतं. शंका असेल तर डुप्लिकेट म्हणून बंद न करता ‘सी ऑल्सो’ रकान्यात दुसऱ्या बगचा क्रमांक टाका.

बग घडवून बघणं

नवखे इथेच अडकतात, आणि वाईट सल्लेही इथलेच सर्वांत जास्त.

‘फाइल ओपन होत नाही’ या एका वाक्यात किमान चार वेगळे बग असू शकतात: फाइल उघडते पण कोरी दिसते, दुरुस्त करू का असं विचारते, प्रोग्रॅम गोठतो, किंवा थेट क्रॅश होतो. आधी हे विचारून घ्या. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत पुढे जाऊ नका. तक्रार करणाऱ्याला इंग्रजी जड जात असेल तर त्याच्याकडून मराठीत समजून घ्या आणि पायऱ्या तुम्ही इंग्रजीत लिहा.

‘माझ्याकडे तर नीट चालतंय’ एवढं लिहून बग बंद करणं हा अपराध आहे. तुमच्याकडे चालतं याचा अर्थ तुमच्या आणि त्याच्या मशीनमध्ये काहीतरी फरक आहे, आणि तो फरक म्हणजेच बहुतेकदा उत्तर. हेल्पमधल्या अबाउट खिडकीत आवृत्तीची सगळी माहिती कॉपी करायचं बटण असतं. ती माहिती त्याच्याकडून मागवा आणि तुमच्याशी ओळीने ताडून बघा. त्यातली ‘लोकेल’ची (भाषा आणि देशाच्या सेटिंगची) ओळ कुणी वाचत नाही. समजा, सोसायटीच्या मेंटेनन्सच्या शीटमध्ये १२ तारखेपर्यंतच्या तारखा सेलमध्ये उजवीकडे आणि १३ पासूनच्या डावीकडे चिकटताहेत. लोकेल अमेरिकन असणार. ०३/०४/२०२५ ही तिथे ४ मार्च होते, २५/१२/२०२५ ला पंचविसावा महिना सापडत नाही म्हणून तो नुसता मजकूर राहतो. हा बग नाही. सेटिंग कुठे बदलायचं ते सांगा, रिपोर्ट सभ्य शब्दांत बंद करा.

फरक शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदला. पहिला बदल सेफ मोडचा, म्हणजे वापरणाऱ्याची सेटिंग बाजूला ठेवून प्रोग्रॅम चालवायचा (हेल्प मेनूतच आहे). सेफ मोडमध्ये बग गायब झाला तर दोष बहुधा त्याच्या प्रोफाइलमध्ये (साठवलेल्या सेटिंगमध्ये) किंवा एखाद्या एक्स्टेंशनमध्ये (वरून जोडलेल्या सुविधेत) आहे. प्रोफाइल, आवृत्ती आणि फॉन्ट एकदम बदलून ‘आता होत नाही’ लिहिणाऱ्याने सगळ्यांचाच वेळ घालवलेला असतो.

फाइल लहान करणं याहून अवघड. चारशे ओळींची शीट जोडलेली असेल तर तिची प्रत घ्या, अर्ध्या ओळी उडवा, बग टिकतो का बघा. टिकला तर पुन्हा अर्ध्या उडवा. गेला तर दुसरी अर्धी धरा. शेवटी चार-पाच सेल उरायला हवेत. पण सांभाळा: फाइल एक्सेलने बनवलेली असेल आणि तुम्ही ती लिबरऑफिसमध्ये छाटून सेव्ह केली, तर लिबरऑफिस ती आपल्या पद्धतीने नव्याने लिहितं आणि बग त्यातच पुसला जाऊ शकतो. अशी फाइल एक्सेलमध्येच छाटायची. एक्सेल नसेल तर तक्रार करणाऱ्याला छाटायला सांगा. आणि फ्लॅट नंबर, सभासदांची नावं, मोबाइल नंबर असलेली फाइल सार्वजनिक रिपोर्टला कधीही जोडू नका. तिथलं अटॅचमेंट जगात कुणीही उघडू शकतं.

देवनागरीच्या तक्रारींत तीन गोष्टी आधीच बाजूला काढा. उघडल्यावर सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसत असेल तर तो श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. तो फॉन्ट नसला की असंच दिसणार. दोन मशीनवर ओळी वेगळ्या तुटत असतील तर एकीकडे मूळ फॉन्ट नाही आणि त्याच्या जागी दुसरा आला आहे. आणि ‘शोधा’मध्ये ‘दऱ्या’ सापडत नसेल तर अक्षरं तपासा. हा ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो: नुक्ता असलेल्या ‘ऱ’ने, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये झीरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह) घालून. दोन्ही दिसायला सारखे, कॉम्प्युटरला वेगळे. रायटरमध्ये अक्षरानंतर कर्सर ठेवून ऑल्ट-एक्स दाबलं की युनिकोड क्रमांक दिसतो. तो रिपोर्टमध्ये लिहा, नुसता स्क्रीनशॉट देऊ नका. स्क्रीनशॉटमधून हा फरक कळूच शकत नाही.

बग खरा निघाला तर तो जुन्या आवृत्तीत होता का ते बघा. लिनक्सवर जुनी आवृत्ती ॲपइमेज म्हणून (एकाच फाइलमधला प्रोग्रॅम) इन्स्टॉल न करता चालते. पूर्वी नीट होतं आणि आता बिघडलंय, असं असेल तर ‘रिग्रेशन’ हा कीवर्ड लावा. नेमका कोणता बदल घातक ठरला ते शोधायला लिबरऑफिसचे बायबिसेक्ट संच (जुन्यापासून नव्यापर्यंतची तयार बिल्ड, म्हणजे चालवता येणाऱ्या आवृत्त्या) आहेत, फायरफॉक्ससाठी मोझरिग्रेशन हे साधन. दर वेळी मधलं बिल्ड चालवून चांगलं की वाईट सांगायचं. हजार बिल्ड असली तरी साधारण दहा फेऱ्यांत उत्तर येतं. संच काही जीबींचे असतात, मोबाइल डेटावर सुरू करू नका.

स्टेटस

स्वतः नोंदवलेला बग स्वतःच ‘न्यू’ (खात्री झालेला) करू नका, दुसऱ्याने घडवून बघितल्यावरच तो पक्का धरतात. ‘व्हर्जन’ रकान्यात बग जिथे पहिल्यांदा दिसतो ती सर्वांत जुनी आवृत्ती असते. नव्या आवृत्तीत तपासून तिथे नवा आकडा टाकण्याची चूक फार जण करतात. नव्यातही आहे, हे कमेंटमध्ये लिहा. माहिती मागितली की ‘नीडइन्फो’, उत्तर आलं की परत ‘अनकन्फर्म्ड’. त्यासाठी सीसी यादीत (ज्यांना बदलांचे ईमेल जातात ती) स्वतःचं नाव घाला, नाहीतर उत्तर आल्याचं तुम्हाला कळणारच नाही. सुरक्षेचा धोका दिसला, म्हणजे फाइल उघडताच दुसऱ्याचा कोड चालतोय असं काही, तर जाहीर कमेंट न करता प्रकल्पाच्या सुरक्षा पथकाला खाजगीत कळवा.