मुलांना निबंधाची मांडणी शिकवताय? या चुका टाळा

केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, पोरं बोलतात बरं, पण लिहायला लावलं की सगळं कालवून टाकतात. काय करावं?" विचारणारे बहुतेक नुकतेच नोकरीला लागलेले असतात आणि त्यांना उत्तर चहा यायच्या आत हवं असतं. तसलं उत्तर माझ्याकडे नाही. काय करू नये ते मात्र सांगू शकतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये वह्या तपासण्यात माझी नोकरी चालली आहे आणि त्याच त्या चुका बघून आता कंटाळा आलाय.

फळ्यावर आयते मुद्दे

ही माझ्या रागाची पहिली धनी. प्रस्तावना, वर्णन, महत्त्व, उपसंहार असे चार शब्द फळ्यावर लिहिले की वर्ग शांत होतो, पेनं चालायला लागतात आणि शिकवणाऱ्याला वाटतं, जमलं. काय जमतं ते सांगतो.

सोयाबीन भरात असतानाची गोष्ट. सहावीतला एक पोरगा परिपाठाच्या आधी धावत आला. डोळे तांबारलेले, झोप झालेली नव्हती. "सर, रातीं डुक्करं आलते. बाबा अन् काका जागलीवर होते, मले बी नेलं होतं. आंधी कुत्रं भुकलं. मंग धुऱ्याकून आवाज आला. काकानं बॅटरी मारली तं सात-आठ होते! बाबानं पिपा वाजोला, मंग पयाले. सकाळी पाह्यलं तं धुऱ्याकडचे चार तासं साफ."

आता ही मांडणी बघा. आधी कुत्रं, मग अंधारातला आवाज, मग उजेड, उजेडात दिसलेला आकडा आणि नुकसान (धुऱ्याकडची म्हणजे बांधाकडची चार तासं, पिकाच्या ओळी) शेवटी, कारण ते सकाळीच कळलं. पिपा कशाला वाजवला हे समजायला जे लागतं ते सगळं त्याच्या आधी येऊन गेलंय. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

त्याच आठवड्यात त्या वर्गावर बदली तासाला गेलेल्या एका उत्साही शिक्षकाने 'माझ्या आयुष्यातील अविस्मरणीय प्रसंग' हा विषय दिला आणि फळ्यावर चार मुद्दे लिहिले. वह्या माझ्याकडे आल्या. आमच्या या पठ्ठ्याचं पहिलं वाक्य: "मानवी जीवन हे सुखदुःखांनी भरलेले आहे." पुढे तो जत्रेत हरवला होता. नुसता तोच नाही, निम्मा वर्ग जत्रेत हरवला होता आणि सगळ्यांना एकाच दयाळू पोलिसाने घरी पोचवलं होतं. डुकरांचा कुठेच पत्ता नाही. त्याला विचारलं, तर म्हणाला, "सर, ते प्रस्तावनेत बसत नव्हतं."

माझी सवय अशी. फळ्यावर विषय लिहायचा, मुद्दे कधीच नाही. पोराने आधी ती गोष्ट शेजारच्याला सांगायची, आणि तो शेजारी तिथे हजर नसलेला हवा. त्याने मध्येच "काहून?", "कोण?" असं विचारायचं. जिथे विचारावं लागलं, तिथे काहीतरी राहिलं किंवा मागेपुढे झालं. मग सांगणाऱ्याने एकेका शब्दात टिपून घ्यायचं: कुत्रं, आवाज, बॅटरी, पिपा, सकाळ. हे झाले त्याचे मुद्दे.

यावर लगेच कोणीतरी दहावीचं भूत उभं करतं. दहावीला प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक यांतला एक लिहायचा आणि त्याला 8 गुण, हे मलाही माहीत आहे. पण त्यासाठी पाचवीपासून पोराच्या तोंडात उपसंहार कोंबायची गरज नाही.

थेट पक्क्या वहीत लिहायला लावणे

दुसरी चूक. वहीत एकदा लिहिलं की ते वाक्य जागचं हलत नाही. पोरगं दहाव्या ओळीला पोचल्यावर त्याला तिसऱ्या ओळीत हवं असलेलं आठवतं. मग ते तो अकराव्या ओळीत लिहितो आणि आपण शेरा मारतो, "विस्कळीत".

मी पाठकोरे कागद जमवून ठेवतो. एका ओळीत एकच गोष्ट, दोन ओळींत मोकळी जागा. मग कात्री. पट्ट्या कापायच्या, फरशीवर पसरायच्या, पंखा बंद करायचा (हे विसरू नका, नाहीतर तास पट्ट्या गोळा करण्यात जातो) आणि प्रत्येक पट्टीवर एक खडा.

पोळ्यावर लिहिताना पाचवीतल्या एका मुलीच्या पट्ट्या अशा होत्या: पुरणपोळी खाल्ली. बैल नाल्यावर धुतले. तोरणाखाली झडत्या (पोळ्याची गाणी) म्हटल्या. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल नेला. आदल्या दिवशी खांदे शेकले. बैल शेतकऱ्याचा मित्र आहे. आमचे बैल दोन वर्षांआधी विकले. काकाच्या बैलाला मी झूल घातली.

खांदे शेकणं वर गेलं, कारण बैलांना आवतण आदल्या संध्याकाळी देतात. धुणं, झूल, तोरण, झडत्या, पुरणपोळी हे पटापट लागलं. तान्हा पोळा दुसऱ्या दिवशीचा, तो खाली. हातात दोन पट्ट्या उरल्या. 'बैल शेतकऱ्याचा मित्र आहे' ही तिने सुरुवातीला ठेवून पाहिली, शेवटी ठेवली, झडत्यांच्या मागे ठेवली. मग म्हणाली, "सर, हे कुठीच बसत नाही." मी म्हटलं, नको ठेवू. दुसरी, बैल विकल्याची, तिने सगळ्यांच्या वर ठेवली. त्याबरोबर काकाच्या बैलाला झूल घालण्याचं कारण आपोआप कळायला लागलं. मी यात पंखा बंद करण्यापलीकडे काही केलं नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या 'शंभर निबंध' पीडीएफमध्ये कात्री नसते, म्हणून तो रस्ता लवकरचा वाटतो. पाठ केलेल्या निबंधातलं एक वाक्य पोरगं विसरलं की पुढचं सगळं कोसळतं, हे परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षण केलेल्या कोणालाही विचारा.

उरलेल्या चुका

क्रम लागायच्या आत लाल पेन काढणे. 'वावर', 'ढोरं', 'पयाले' यांवर पहिल्याच दिवशी गोल केले की पोरगं पुढच्या वेळी तीनच ओळी लिहितं. आधी जागा, मग भाषा, शुद्धलेखन सगळ्यांत शेवटी. घरी कोलामी, गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलांना तर आधी घरच्या बोलीत सांगू द्या, नाहीतर चार चित्रं काढू द्या आणि तीच खालीवर लावायला सांगा.

पाच ओळी झाल्या की परिच्छेद. नाही. जागा बदलली, दिवस बदलला, बोलणारा बदलला की परिच्छेद.

थोर पुरुषांवर लिहिताना उलटसुलट उड्या. गाडगेबाबांवरच्या निबंधात आधी ग्रामस्वच्छता अभियान (2000 साल), मग वलगावजवळचं निधन (1956), मग शेंडगावचा जन्म (1876), पुन्हा अभियान. ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या चित्रापासून सुरुवात करायला माझी हरकत नाही, ते चित्र पोरं रोज बघतात. पण मग एकदाच मागे जायचं आणि जन्मापासून सरळ पुढे यायचं.

घर, शाळा, गोठा यांच्या वर्णनात 'मग' शोधत बसणे. तिथे वेळेचा क्रम नसतो, जागेचा असतो. फाटकातून आत या आणि दिसेल तसं लिहा.

'म्हणून मला पोळा फार आवडतो' हे शेवटचं वाक्य सक्तीचं करणे. गोष्ट संपली की थांबू द्या.

रजेचा अर्ज. कापूस वेचणीच्या दिवसांत माझ्या टेबलावर 'विनंती विशेष, मी आपल्या शाळेचा एक नम्र व आज्ञाधारक विद्यार्थी' अशी तीन ओळींची आरती येते आणि किती दिवस येणार नाही तेच नसतं. कोण, कोणत्या तारखेपासून किती दिवस, कशासाठी, हे पहिल्या वाक्यात.

आणि पट्ट्यांचा प्रयोग परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सुरू करू नका. पहिल्यांदा दोन तासिका जातात, गोंधळ होतो, एखाद्याची पट्टी हरवतेच. जुलैत सुरू केलं तर दिवाळीपर्यंत पोरं पट्ट्या न कापता मनात लावायला लागतात. ज्यांना तेवढा दम नाही त्यांनी खुशाल गाईड वापरावं, फक्त मग पोरं जत्रेत हरवली म्हणून माझ्याकडे येऊ नये.