पट्ट्यातून काडतुसं सोडवताना

खडकीत वाढलेल्या माणसाला काडतूस हा शब्द नवा नसतो. 1869 पासून तिथे दारूगोळ्याचा कारखाना आहे आणि आमच्या गल्लीतली निम्मी घरं त्याच्या भोंग्यावर चालायची. तरी जिवंत काडतूस मी पहिल्यांदा हातात घेतलं ते टेक्ससमध्ये, चाळिशीनंतर. 7.62 मिलिमीटरची लष्करी काडतुसं भारतात सामान्य माणसाला मिळत नाहीत. इथे अमेरिकेत सैन्याचा शिल्लक माल दुकानात येतो, आणि मला मशीनगनच्या पट्ट्यात ओवलेला डबा सुट्या काडतुसांपेक्षा स्वस्त पडला. नेमबाजीच्या छंदात नव्याने येणाऱ्या आपल्या मंडळींसाठी ती काडतुसं पट्ट्यातून सोडवण्याच्या कामाबद्दल लिहितो.

आधी एक महत्त्वाचं. तुम्ही एच-1बी किंवा एफ-1 व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बंदूकच नव्हे, काडतूस बाळगणंही गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारूनच गृहीत धरा. मी ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत थांबलो. ज्या नोकरीसाठी देश सोडला ती छंदापायी धोक्यात घालू नका.

आता पट्टा. अमेरिकी सैन्याच्या एम-60 आणि एम-240 मशीनगनचा पट्टा म्हणजे एम-13 नावाच्या सुट्या पोलादी कड्या. एका कडीला एकीकडे दोन कडं, दुसरीकडे एक. शेजारच्या कडीचं एकटं कडं या दोघांच्या मधे बसतं आणि तिन्हींतून काडतूस आरपार जातं. म्हणजे पट्टा जोडून ठेवणारी खीळ काडतूसच असतं. ते निघालं की कड्या आपोआप सुट्या होतात. शिवाय कडीला एक छोटी जीभ असते, ती काडतुसाच्या बुडाजवळच्या खाचेत अडकून त्याला जागेवर धरते.

सगळं कौशल्य या जिभेत आहे. काडतूस पुढे, म्हणजे गोळीच्या टोकाच्या दिशेने ढकलायचं; जीभ खाचेतून टक् करून सुटते आणि पुढचं सोपं जातं. जुन्या ब्राउनिंगच्या किंवा रशियन पीकेएमच्या पट्ट्यात उलटं असतं, तिथे काडतूस मागे ओढून काढतात. म्हणून पट्टा कुठला ते आधी पाहा, मग जोर लावा.

जोर कुठे लावायचा? बुडाच्या काठावर. मधोमध प्रायमर, म्हणजे टोला बसताच पेटणारा मसाला असतो, त्यावर खिळा, पेचकस, हातोडी काहीही टेकवू नका. मी लाकडाच्या दांड्याला टोकाशी खोलगट करून घेतलं, काठावर दाब येतो आणि मधला भाग मोकळा राहतो. लिव्हरची तयार यंत्रंही मिळतात. काहीही वापरा, पण डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे हवेतच. कड्यांच्या कडा बोटं कापतात. अडलं तर तेल मारू नका, ते प्रायमरमध्ये झिरपू शकतं.

पहिल्या 200 काडतुसांना मला दीड तास लागला. घाई केली नाही याचं आज समाधान वाटतं, कारण प्रत्येक काडतूस डोळ्यांखालून जाण्याची हीच एक वेळ. कडीचे काळपट ओरखडे चालतात. हिरवा गंज चढून पितळ खड्ड्याखड्ड्याचं झालं असेल, पुंगळी चेपली असेल, किंवा गोळी आत ढकलली गेली असेल, तर ते काडतूस बाजूला. आत गेलेल्या गोळीमुळे दाब भलताच वाढतो. नेमबाजीच्या रेंजवाल्यांना विचारा, बहुतेकांकडे अशा मालासाठी वेगळा डबा असतो. आणि तुमच्या .308 रायफलला (तिचं काडतूस जवळपास याच मापाचं असतं) हा लष्करी माल चालतो का, ते बनवणाऱ्याच्या पुस्तिकेत वाचा.

मशीनगनच्या पट्ट्यात बहुधा चार साध्या गोळ्यांमागे एक ट्रेसर, म्हणजे उडताना जळत वाट दाखवणारी गोळी असते, तिचं टोक नारिंगी. तिच्यामागे जळता मसाला असतो, वाळलेलं गवत पेटायला ती पुरे. बऱ्याच रेंजवर बंदी आहे. काही रेंजवर तर साध्या गोळ्यांनाही, पोलाद आहे का ते पाहायला, चुंबक लावून बघतात आणि चिकटलं तर परत पाठवतात.

माझ्या दुसऱ्या डब्यात 160 साध्या निघाल्या आणि ट्रेसर 39. चाळीस हव्यात. बाकाखाली, कड्यांच्या डब्यात, सगळीकडे शोधलं. शेवटची सापडली माझ्या जाकिटाच्या खिशात, हात मोकळा करायला कधीतरी टाकलेली. तेच जाकीट घालून मी चार दिवसांनी पुण्याला निघणार होतो. भारतातल्या विमानतळावर खिशातून एक काडतूस निघालं तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. नकळत राहिलं हे कोर्टात पुढे पटेलही, पण तोवर विमान गेलेलं असतं आणि आई हॉस्पिटलात वाट बघत असते.

तेव्हापासून त्या कामाचं जाकीट आणि बॅग गॅरेजच्या बाहेर जात नाही. काम संपलं की दोन्ही ढीग मोजतो, आकडा वहीत लिहितो, मग दिवा बंद करतो.