गावात अनुदान कुणाला मिळालं? यादी अशी काढा

अतिवृष्टीचे पैसे जमा झाले की पारावर एकच विषय. "त्याच्या वावरात तं पाणीच साचलं नव्हतं, त्याले कसे भेटले?" प्रश्न तिथंच विरतो. खरं तर उत्तर कागदावर असतं, आणि तो कागद मागता येतो.

सोप्यापासून सुरुवात करा. पीएम किसानची यादी उघडीच आहे. पोर्टलवर 'बेनिफिशिअरी लिस्ट' उघडून राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव निवडलं की नावं दिसतात. वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. आयकर भरणारा किंवा महिन्याला दहा हजार वा त्याहून जास्त पेन्शन घेणारा (चतुर्थ श्रेणी कर्मचारी सोडून) यात बसत नाही. यादी वाचताना एवढं डोक्यात असू द्या.

अतिवृष्टीची यादी तलाठी कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते. लागल्या दिवशीच मोबाइलवर फोटो काढा. आमच्या गावात एकदा लागली ती झेरॉक्सची झेरॉक्स होती, गट नंबरच्या जागी नुसता काळा डाग. शेजारी उभ्या काकांनी एका ओळीवर बोट ठेवलं: वारून तीन वर्षं झालेला माणूस, ०.८० हेक्टर. लगेच घोटाळा म्हणून ओरडू नका बरं. पुष्कळदा वारसांचा फेरफारच झालेला नसतो आणि सातबारा जुन्याच नावावर चालतो. आधी सातबारा पाहा, मग बोला.

ठिबक, रोटाव्हेटर, ट्रॅक्टर या महाडीबीटीवरच्या (राज्य सरकारच्या ऑनलाइन अर्जाच्या पोर्टलवरच्या) अनुदानांची गावनिहाय यादी हवी असेल तर तालुका कृषी अधिकारी कार्यालय गाठा. तोंडी विचारून पाहा, पण "उद्या या" ऐकलं की माहिती अधिकाराचा अर्ज टाका. २००५ च्या कायद्याचं कलम ४(१)(ख)(बारा) सांगतं की अनुदान योजनेत किती रक्कम वाटली आणि लाभार्थी कोण, हे कार्यालयानं स्वतःहूनच जाहीर करायचं असतं. अर्जात हे कलम लिहाच. "ही खाजगी माहिती आहे" असं उत्तर आलं, तर अपिलात हाच तुमचा मुद्दा.

अर्जावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. दारिद्र्यरेषेखाली असाल तर फी नाही, दाखला जोडा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय चालतो, तोही १५० शब्दांत. म्हणून "सगळ्या योजनांची माहिती द्या" असं लिहिण्यात अर्थ नाही. असं लिहा: "अमुक गावातील अमुक वर्षातील ठिबक अनुदानाच्या लाभार्थ्यांची नावे, गट नंबर, क्षेत्र, मंजूर रक्कम व अदा केल्याची तारीख." आधार आणि खाते नंबर मागू नका, ते मिळणार नाहीत, अर्ज मात्र अडकेल.

३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर त्याच कार्यालयाच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे २० रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील करा. तिथंही दाद नाही मिळाली, तर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं. विदर्भासाठी नागपूर आणि अमरावती अशी दोन खंडपीठं आहेत, मुंबईला जायचं काम नाही.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर आवक नंबर, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. पुढं अपिलात तोच कागद दाखवावा लागतो.